निश्चित दराचे कोटेशन, अनिश्चित दराचा धातू : यंत्रनिर्मात्याने जोखीम कोठवर पेलायची?

किंमतमांडणी (धागाकर्ता)

उष्णता-विनिमयक, दाबपात्रे आणि पंपसंच बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अनेक वर्षे कोटेशनच्या किमती मांडण्याचे काम करतो आहे. आमच्या धंद्यात ग्राहकाला दिलेला दर साधारण ९० दिवस वैध धरला जातो, ऑर्डर बहुधा त्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात येते, त्यानंतर आरेखनांना मंजुरी मिळेपर्यंत आणखी सहा-आठ आठवडे जातात आणि मगच पत्रा, नळ्या व ओतीव भाग यांची खरेदी सुरू होते. म्हणजे ज्या दिवशी आम्ही किंमत सांगतो आणि ज्या दिवशी धातू विकत घेतो, त्यांच्यात पाच महिन्यांचे अंतर सहज पडते. माझ्या मते धातू महाग असणे ही आपली खरी अडचण नाही, कारण महाग धातूची किंमत कोटेशनमध्ये धरता येते. कारखान्याचा नफा या पाच महिन्यांच्या अंतरात जातो.

मार्च २०२२ चे उदाहरण घेऊ. फेब्रुवारीच्या अखेरीस निकेलचा दर लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या सौदेबाजारात टनाला २५,००० डॉलरच्या आसपास होता. ८ मार्चच्या सकाळी तो १,००,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा बाजाराने व्यवहार थांबवले, त्या दिवशी झालेले सौदे रद्द केले आणि निकेलचे व्यवहार १६ मार्चपर्यंत बंद ठेवले. त्या आठवड्यात आमच्याकडे ३१६ दर्जाच्या, म्हणजे निकेल असलेल्या स्टेनलेस पोलादाच्या, पत्र्याची दोन कोटेशने होती. दोन्ही पुरवठादारांनी ती एका ओळीच्या पत्राने मागे घेतली. आम्ही मात्र त्याच पत्र्यापासून बनणाऱ्या विनिमयकाची किंमत ग्राहकाला सहा आठवड्यांपूर्वी लेखी दिलेली होती, आणि ती मागे घेण्याचा अधिकार आम्ही आमच्या अटींमध्ये ठेवलेलाच नव्हता. ऑर्डर आम्ही पूर्ण केली, पण तोट्यात.

हिशेब साधा आहे. स्टेनलेस पोलादाच्या ३०४ दर्जात किमान ८ टक्के निकेल असते, म्हणजे टनभर पत्र्यात ८० किलो. निकेल टनाला १,००० डॉलरने वाढले की त्या पत्र्यातील निकेलची किंमत ८० डॉलरने वाढते. ३१६ मध्ये निकेल किमान १० टक्के असल्यामुळे ही वाढ १०० डॉलर होते, शिवाय त्यातील दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा स्वतंत्र बाजार असतो. हे गणित मला तेव्हाही ठाऊक होते, पण करारात त्याला जागा नव्हती.

येथील सभासदांपैकी जे खरेदीत, आरेखनात, ओतकामात किंवा ग्राहकाच्या बाजूने काम करतात, त्यांनी ही जोखीम प्रत्यक्षात कशी वाटून घेतली जाते ते लिहावे, अशी विनंती आहे.

खरेदीकक्ष

आपण निकेलचे उदाहरण दिले आहे, त्यात एक गोष्ट जोडतो. मार्च २०२२ मध्ये ज्या निकेलचा दर उसळला ते एक्स्चेंजवर सुपूर्द करता येणारे उच्च शुद्धतेचे निकेल होते. स्टेनलेस पोलाद बनवणारे बरेच कारखाने मात्र फेरोनिकेल (लोखंड-निकेलचा मिश्रधातू) किंवा निकेलयुक्त कच्चे लोखंड वापरतात आणि त्यातील फार मोठा हिस्सा इंडोनेशियातून येतो. त्या देशाने जानेवारी २०२० पासून निकेलच्या कच्च्या धातुकाची निर्यात बंद केली, भट्ट्या स्वतःच्या भूमीवर उभ्या केल्या आणि आज जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक तेथूनच निघते. या वाढलेल्या पुरवठ्यामुळेच २०२५ मध्ये निकेल १५,००० डॉलरच्या आसपास रेंगाळले. म्हणजे एक्स्चेंजचा दर, पोलाद कारखान्याने प्रत्यक्ष वापरलेल्या निकेलची किंमत आणि आपल्याला बिलात दिसणारा मिश्रधातू अधिभार (निकेलसारख्या घटकांसाठी पोलादाच्या मूळ दरावर लावलेली जादा रक्कम) या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या नेहमी एकाच वेगाने हलत नाहीत.

म्हणून वर्तमानपत्रातला दर पाहून खरेदीचा अंदाज बांधू नये, असे मी माझ्या कक्षातल्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. आपल्या दाराशी येणाऱ्या तांब्याच्या पट्टीच्या किमतीत एक्स्चेंजचा दर असतो, त्या प्रदेशात माल मिळवण्यासाठी द्यावी लागणारी जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम, असतो, पट्टी ओढण्याची किंवा लाटण्याची मजुरी असते, वाहतूक असते आणि आयात शुल्क असते. एक्स्चेंजचा दर महिनाभर स्थिर राहूनही इतर चार घटकांमुळे माल महाग पडू शकतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात तांब्याच्या बाबतीत जे घडले ते कराराचा मसुदा करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे. अमेरिकेत तांब्यावर आयात शुल्क लागणार या अपेक्षेने न्यूयॉर्कचा दर लंडनच्या खूप वर गेला आणि जगभरचे शुद्ध तांबे अमेरिकेच्या गोदामांकडे वळले. ३० जुलैच्या आदेशात ५० टक्के शुल्क लावले गेले ते तांब्याच्या अर्धतयार वस्तूंवर आणि तांबे अधिक असलेल्या काही उत्पादनांवर. शुद्ध तांब्याचे कॅथोड, म्हणजे पुढे वितळवून वापरायचे कच्च्या रूपातील तांबे, त्यातून वगळले गेले. न्यूयॉर्कचा दर एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक कोसळला. ज्या करारात केवळ 'तांब्याचा आंतरराष्ट्रीय दर' एवढेच लिहिले होते, तेथे कोणत्या बाजाराचा दर धरायचा यावरून वाद होणे अटळ होते. बाजाराचे नाव, तात्काळ मिळणाऱ्या मालाचा (रोखीचा) दर की तीन महिन्यांनी मिळणाऱ्या मालाचा, एका दिवसाचा की महिन्याच्या सरासरीचा, हे सारे करारात शब्दशः असले पाहिजे.

तीन महिन्यांवरून एक आठवण. लंडनचे हे एक्स्चेंज १८७७ मध्ये सुरू झाले आणि चिलीहून तांबे व मलायाहून कथील घेऊन येणाऱ्या जहाजांना लागणाऱ्या वेळेवरून तेथे तीन महिन्यांच्या सौद्याची पद्धत रुजली. आपले मोठे यंत्र आजही नऊ ते बारा महिने घेते. बाजाराची आणि आपल्या कामाची लय जुळत नाही, ती अशी.

आरेखनफलक

दर चढला की आमच्या विभागाकडे पहिला निरोप येतो तो 'पर्याय शोधा' असा. या निरोपामागची घाई मला समजते, परंतु पर्यायाला स्वतःची किंमत असते आणि ती कोटेशनच्या तक्त्यात दिसत नाही.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम हा सर्वांत जुना पर्याय. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे तेवढाच रोध ठेवायचा तर तारेचा छेद सुमारे १.६ पट घ्यावा लागतो. घनता मात्र २.७ आणि ८.९६ अशी असल्याने वजन जवळजवळ निम्मे होते. हे आकडे पाहून खरेदी विभाग खूश होतो. वितरण ट्रान्सफॉर्मरमध्ये जागा थोडी वाढवता येते, म्हणून तेथे ॲल्युमिनियमचे वेटोळे उत्तम चालते. मोटारीच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) मात्र खाचेचा आकार ठरलेला असतो. तेथे जाड तार बसवायची म्हणजे चौकट बदलायची, चौकट बदलली की पाया आणि जोडणी बदलते आणि ग्राहकाकडची सुटी मोटार मग त्या जागी बसत नाही. टर्मिनलवरचा ऑक्साइडचा थर आणि दाबाखाली धातूचे हळूहळू सरकणे या अडचणी वेगळ्याच. जोड सैल पडला की तो तापतो, आणि तक्रार तीन वर्षांनी येते.

स्टेनलेसमध्ये ३१६ ऐवजी २२०५ दर्जाचे डुप्लेक्स पोलाद (दोन वेगळ्या स्फटिक-अवस्थांचे मिश्रण असलेले) हा मला अधिक विचारपूर्वक वाटणारा पर्याय आहे. त्यात निकेल सुमारे ५ टक्केच असते आणि त्याची ताणमर्यादा ३०४, ३१६ अशा नेहमीच्या ३०० मालिकेच्या दुपटीहून अधिक असल्याने दाबपात्राची जाडी कमी करता येते. पण वेल्डिंगच्या वेळी उष्णता किती दिली जाते यावर त्यातील दोन अवस्थांचा समतोल अवलंबून असतो, त्यामुळे वेल्डर आणि कार्यपद्धती दोन्ही नव्याने पात्र ठरवून घ्याव्या लागतात. शिवाय उच्च तापमानाला ते ठिसूळ होत जाते, म्हणून साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या वरच्या कामासाठी ते निवडत नाहीत. जो कारखाना वर्षात एकदा डुप्लेक्स वापरतो, त्याने निकेलचा दर पाहून अचानक त्याकडे वळू नये.

आणि काही ठिकाणी प्रश्न दराचा नसून माल मिळण्याचाच असतो. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्यांत डिस्प्रोसियम आणि टर्बियम होती. सर्वो मोटारीचे (अचूक हालचालीसाठीच्या मोटारीचे) चुंबक तापल्यावरही आपली शक्ती टिकवतात ते या मूलद्रव्यांमुळे. एका मोटारीत त्यांचे प्रमाण काही ग्रॅम असते आणि यंत्राच्या एकूण किमतीत ते शोधूनही सापडत नाही. तरी ते चुंबक आले नाहीत तर संपूर्ण यंत्र जागेवर उभे राहते. धातूच्या दराप्रमाणे यंत्राची किंमत बदलण्याच्या करारातील कोणत्याही सूत्राने ही अडचण सुटत नाही. तेथे फेराइट चुंबकांची किंवा चुंबकाविना चालणाऱ्या सिंक्रोनस रिलक्टन्स मोटारीची पर्यायी रचना आधीपासून तपासून तयार असावी लागते. आमच्या येथे अशी रचना कागदावर होती, पण चाचणी झालेली नव्हती, आणि त्यामुळे गेलेले चार महिने मला आजही खटकतात.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी लागणाऱ्या दिशायुक्त कणरचनेच्या सिलिकॉन पोलादाचीही तीच गत आहे. ते बनवणाऱ्या गिरण्या जगात मोजक्या आहेत आणि नवी गिरणी उभी राहायला वर्षे लागतात.

ओतशाळा

या चर्चेत स्टेनलेस आणि तांबे यांना मान मिळतो, बिडाच्या ओतीव भागांकडे कोणी पाहत नाही. पंपाचे कवच, गिअरबॉक्सची पेटी, यंत्राचा पाया, हे सारे आमच्याकडून येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बिडाचा दर एक्स्चेंजवर लागत नाही. आमचा खर्च कच्चे लोखंड, भंगार, फेरोसिलिकॉनसारखे मिश्रधातू, कोक किंवा वीज, वाळू आणि तिचा बंधक यांवर ठरतो. रशिया आणि युक्रेन हे ओतशाळांना लागणाऱ्या कच्च्या लोखंडाचे मोठे निर्यातदार होते. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनचा पुरवठा तुटला आणि रशियाचा माल अनेकांनी घेणे थांबवले, तेव्हा ओतशाळांना प्रमाण बदलून भंगार अधिक वापरावे लागले. भंगार अधिक म्हणजे त्यातून येणारे मँगनीज, क्रोमियम आणि तांबेही अधिक. गोलाकार ग्राफाइटच्या बिडात ही अवांछित मूलद्रव्ये थोडी जरी वाढली तरी लांबणक्षमता घटते आणि नाकारलेल्या भागांचे प्रमाण वाढते. ग्राहकाला दरवाढ दिसते. नाकारलेले भाग फक्त आम्हाला दिसतात.

दुसरा मुद्दा वजनाचा. १०० किलोचा तयार भाग हवा असेल तर ओतमार्ग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा) आणि पूरके (थिजताना कमी पडणारा धातू पुरवणारे साठे) धरून १५० किलो किंवा त्याहून अधिक धातू वितळवावा लागतो. हा जादा धातू परत भट्टीत जातो हे खरे, पण त्याला वितळवण्याची ऊर्जा प्रत्येक वेळी नव्याने लागते. यंत्रनिर्मात्यांची सूत्रे मात्र निव्वळ वजनावर आणि केवळ भंगाराच्या दरावर चालतात. भंगार उतरले की दुसऱ्याच आठवड्यात दर कमी करण्याचे पत्र येते, आणि विजेचा दर वाढला की तो आमचा प्रश्न ठरतो. धागाकर्त्यांनी स्वतःवर झालेल्या अन्यायाचे वर्णन केले आहे आणि ते मला पटते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लहान पुरवठादारावर तोच अन्याय त्यांच्या खरेदी विभागाकडून होत नाही ना, हेही त्यांनी पाहावे, असे मी तळमळीने सांगतो.

यंत्रणशाळेचा खर्चही यात धरावा. कार्बाइडची कापणी टोके टंगस्टनपासून बनतात, जगातील टंगस्टनपैकी चार पंचमांशांच्या आसपास चीनमध्ये निघते आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्याच्या निर्यातीवरही परवान्याचे बंधन आले. हत्याराचा खर्च सूत्रात कोणीच लिहीत नाही.

ग्राहकपक्ष

मी एका प्रक्रिया उद्योगाच्या प्रकल्प विभागात आहे, म्हणजे तुम्हा सर्वांकडून यंत्रे विकत घेणाऱ्या बाजूला. आमची बाजूही ऐकून घ्यावी.

प्रकल्पाचे अंदाजपत्रक संचालक मंडळाकडून एकदाच मंजूर होते. 'किंमत धातूच्या दराप्रमाणे बदलेल' असे वाक्य घेऊन मी मंडळापुढे गेलो तर मला पहिला प्रश्न येतो की कमाल किती, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे असावे लागते. त्यामुळे वरच्या मर्यादेशिवाय किंमत-बदल कलम आम्ही स्वीकारत नाही. दुसरे असे की गेल्या काही वर्षांत आमच्याकडे दर वाढल्याची बरीच पत्रे आली. दर उतरल्यावर स्वतःहून रक्कम कमी केल्याचे पत्र मी माझ्या टेबलावर एकदाच पाहिले आहे. २०२२ च्या अखेरीपर्यंत निकेल आणि पोलादाचे दर आपल्या शिखरांवरून खूप खाली आले होते, तरी वाढीव दराची बिले चालूच होती. सूत्र दोन्ही दिशांनी चालणार असेल तरच त्याला सूत्र म्हणावे.

किंमतमांडणी (धागाकर्ता)

ओतशाळा यांचा आक्षेप मी मान्य करतो. आमच्या ओतीव भागांच्या करारात ऊर्जेचा घटक नाही, आणि तो असायला हवा.

ग्राहकपक्ष यांच्या मुद्द्यावर एक हिशेब मांडतो. समजा, यंत्राची मूळ किंमत १०० आहे. त्यांत २० भाग न बदलणारा, २५ भाग श्रमाचा, ३० भाग तांब्याचा आणि २५ भाग पोलादाचा. प्रत्येक भागाला त्याच्या आजच्या निर्देशांकाने गुणून मूळ तारखेच्या निर्देशांकाने भागायचे. श्रमाचा दर स्थिर राहिला, तांबे २० टक्के वाढले आणि पोलाद ८ टक्के उतरले, तर किंमत २० अधिक २५ अधिक ३६ अधिक २३, म्हणजे १०४ होते. तांबे २० टक्के वाढल्याच्या बातमीने घाबरलेल्या ग्राहकालाही ४ टक्के समजावून सांगता येतात, आणि पोलाद उतरल्याचा लाभ त्याला आपोआप मिळतो.

सूत्रात माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे संदर्भाचा महिना. बहुतेक छापील अटींमध्ये यंत्र रवाना होण्याच्या आधीचा एखादा महिना धरलेला असतो. पण तांबे आम्ही ऑर्डरनंतर तिसऱ्या महिन्यातच विकत घेतलेले असते. समजा, खरेदीच्या महिन्यात ते २० टक्के वर होते आणि रवानगीपर्यंत उतरून केवळ ५ टक्के वर राहिले. मग त्याच सूत्राने किंमत ९९.५ येते. आम्ही दिले १०४ च्या हिशेबाने, मिळाले ९९.५ च्या हिशेबाने. हा साडेचार टक्क्यांचा फरक अनेक कारखान्यांच्या संपूर्ण नफ्याएवढा असतो. उलट दिशेने घडले तर ग्राहकाचे तेवढेच नुकसान होते, म्हणून ही दुरुस्ती दोघांच्याही हिताची आहे.

खरेदीकक्ष

वायदे बाजारात आधीच दर बांधून दरवाढीपासून संरक्षण का घेत नाही, असे मला व्यक्तिगत संदेशातून विचारले गेले, त्याचे उत्तर येथेच देतो. लंडनला तांब्याचा एक सौदा २५ टनांचा असतो आणि निकेलचा ६ टनांचा. ज्याला तीन टन तांबे लागते त्याने २५ टनांचा सौदा घेतला तर बाकीच्या २२ टनांवर तो सट्टाच खेळतो. सौदा घेतल्यावर दर उतरला तर फरकाची रक्कम तातडीने रोख भरावी लागते, आणि पुढे ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर संरक्षण म्हणून घेतलेला सौदा उघडा पडतो. तात्काळ मिळणारा आणि तीन महिन्यांनी मिळणारा माल यांच्या दरांतील फरकही पाहावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये गोदामांतील साठा आटल्यामुळे तात्काळ मिळणारे तांबे टनामागे १,००० डॉलरहून अधिक महाग झाले होते.

लहान कारखान्याला जमणारा मार्ग म्हणजे ऑर्डर हाती येताच वाइंडिंग तार किंवा पट्टी पुरवणाऱ्याकडून तेवढ्याच वजनाचा दर बांधून घेणे. तो अनेक ग्राहकांचे वजन एकत्र करून स्वतःचे संरक्षण घेतो. त्यासाठी तो थोडी जास्त किंमत लावतो आणि ती द्यावी. मात्र जाड पोलादी पत्र्यासाठी हा मार्ग तितका चालत नाही. वायदा गरम लाटलेल्या गुंडाळीचा मिळतो आणि जाड पत्र्याचा दर तिच्याबरोबर नेहमी हलत नाही.

शुल्कांविषयीही लिहायला हवे, कारण आता ती कच्च्या धातूपुरती उरलेली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने पोलाद-ॲल्युमिनियमवरील शुल्काच्या यादीत ४०० हून अधिक उत्पादन-वर्ग घातले आणि त्यांत यंत्रसामग्रीचे अनेक प्रकार आले. त्या वेळी यंत्रातील पोलादाच्या किमतीवर ५० टक्के शुल्क लागत होते. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी (आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरील शुल्क) १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली आणि तिच्या यादीत पोलादाचे बोल्ट व स्क्रूही आहेत. परिणाम असा की निर्यातीच्या यंत्रासाठी आता प्रत्येक पत्रा कोठे वितळवून ओतला गेला हे सांगावे लागते. धातू बनवणाऱ्याकडून मिळणारे नेहमीचे ३.१ तपासणी प्रमाणपत्र रासायनिक घटक आणि बळ त्या हीट क्रमांकाशी (वितळवलेल्या घाणीच्या क्रमांकाशी) जोडून देते, पण वितळवण्याचा देश त्यावर असेलच असे नाही. तो खरेदीच्या वेळीच लेखी मागावा. यंत्र बंदरावर उभे असताना दोन वर्षांपूर्वीच्या पत्र्याचे मूळ शोधण्याचे काम मी केले आहे, आणि ते पुन्हा करण्याची माझी तयारी नाही.

आरेखनफलक

यावर आमच्या बाजूने एकच पुरवणी. धातूंच्या याद्या आता आम्ही यंत्राच्या भागयादीतच ठेवू लागलो आहोत. प्रत्येक भागापुढे निव्वळ वजन, प्रत्यक्ष कापलेले वजन आणि मिश्रधातूचा दर्जा लिहितो. सूत्रातील ३० आणि २५ हे भाग अंदाजाने न ठरता या यादीतून निघाले, तर ग्राहकाशी त्यावर वाद उरत नाही, आणि शुल्कासाठी पोलादाचे मूल्य सांगायचे झाले तर तेही तेथूनच मिळते.

ग्राहकपक्ष

अशी भागयादी जोडलेली असेल तर मी हे सूत्र आमच्या मंडळापुढे नेऊ शकेन. माझ्या अटी अशा राहतील. किमतीत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक कोणीच मागू नये, त्यापलीकडचा दोन्ही दिशांनी लागू व्हावा आणि वर व खाली १२ टक्क्यांची मर्यादा असावी. संदर्भाचा महिना रवानगीचा न धरता धातूच्या खरेदीचा धरण्यास माझी हरकत नाही, पण मग पुरवठादाराच्या बिलाची प्रत मला मिळाली पाहिजे आणि आमची आरेखने मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत ती खरेदी झालेली असली पाहिजे.

किंमतमांडणी (धागाकर्ता)

३० दिवसांची अट आम्ही पाळू शकतो, मात्र आरेखनांची मंजुरी आपल्याकडून तीन आठवड्यांत यावी, हे कलम त्याच पानावर हवे. बिलाची प्रत देताना पुरवठादाराचे नाव झाकले तर चालेल का, तेवढे कळवावे. १२ टक्क्यांपलीकडे दर गेला तर ऑर्डर थांबवून नव्याने बोलणी करण्याचा अधिकार दोघांनाही ठेवू, म्हणजे मार्च २०२२ सारखा आठवडा पुन्हा आला तर त्याचा निर्णय दोघांनी एका टेबलावर बसून घेता येईल. मसुदा मी या आठवड्यात लिहितो आणि ओतशाळा यांनी सांगितलेला ऊर्जेचा घटक आमच्या पुरवठादारांच्या करारातही त्याच वेळी घालतो.